सात औट किती? : परवचा आणि घरातले रोजचे प्रश्न

सात औट किती? आज हा प्रश्न चाळिशीच्या आतल्या कुणाला विचारला तर उत्तर तर सोडाच, प्रश्नही कळत नाही. मी गेली काही वर्षे भेटेल त्याला विचारून पाहतो आहे. उत्तर साडेचोवीस. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिवेलागणीला असे प्रश्न रोज विचारले जात. या प्रश्नोत्तरांना शाळा लागत नसे, बक्षीस नसे, आणि चुकले तर पाठीत धपाटा ठरलेला. या प्रकाराचे नाव परवचा.

परवच्याबद्दल लिहिले जाते ते बहुधा हळव्या आठवणींच्या सुरात. शुभंकरोति, समईचा उजेड, मांडी घालून बसलेली मुले, आजोबांचा करडा आवाज. हे सगळे खरेच आहे, पण मला त्यात दुसरेच काही शोधायचे होते. हेच प्रश्न का? साडेतीनचाच पाढा का, साडेचारचा का नाही? हे प्रश्न कोणत्या घरांत विचारले जात आणि कोणत्या घरांत नाही? घरात विचारले तरी घरातल्या कुणाला विचारले जात? मी इतिहास शिकलेला माणूस नाही. बाजार समितीच्या आवारातल्या एका आडत दुकानात हिशेब लिहिण्यात माझी बावीस वर्षे गेली. त्यामुळे परवच्याकडे मी गेलो तो वहीच्या बाजूने, देवघराच्या बाजूने नव्हे. पुढचे सारे त्या बाजूने वाचावे.

आधी परवच्यात काय असे ते पाहू. घरागणिक थोडा फरक, पण सांगाडा एकच. एक ते तीस पाढे, मग अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. काही घरांत त्यावर अकरकी. मग वार, तिथी, महिने, ऋतू, राशी, सत्तावीस नक्षत्रे, आणि हौशी घरांत साठ संवत्सरांची नावेही. मग कोष्टके: नाण्यांची, वजनांची, मापांची, वेळेची. हे सगळे ओळीने म्हणून झाले की खरा भाग सुरू होई. वडीलधारे माणूस मधूनच कुठलेही एक टोक ओढी. तेरा पाऊण किती? पुष्यानंतर कोणते नक्षत्र? पायलीचे शेर किती, शेराची मापटी किती? ओळीने म्हणणारा मुलगा इथे अडखळे, कारण त्याला पुष्यापर्यंत पोचायला अश्विनीपासून निघावे लागे. ज्याला मधूनच सांगता येई त्याला परवचा ‘आला’ असे मानत.

या पाढ्यांच्या नावांतच जुनी मोजणी दडली आहे. साडेचार, साडेपाच हे सरळ शब्द आहेत. ‘सार्ध’चे साडे झाले, म्हणजे अर्ध्यासह चार, अर्ध्यासह पाच. दीड, अडीच आणि औट यांची घडण वेगळी. अडीच आला ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे. औट आला ‘अर्धचतुर्थ’वरून, प्राकृतात त्याचे ‘अद्धुट्ठ’ झाले आणि मराठीत औट. म्हणजे चौथा अर्धा. सव्वा हा ‘सपाद’, पाऊण हा ‘पादोन’. हे शब्द कुणी पंडिताने घडवून दिलेले नाहीत. हजारो व्यवहारांत तोंडात घोळून, झिजून ते एवढे लहान झाले. रोज वापरात असलेले नाणे जसे गुळगुळीत होते तसे.

औट तर मराठीत सगळीकडे सापडतो. माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने औट हात, म्हणून संतवाङ्मयात ‘औट हात’ म्हटले की शरीर समजायचे. औट घटकेचे राज्य म्हणजे साडेतीन घटकांचे. घटका चोवीस मिनिटांची धरली तर चौऱ्याऐंशी मिनिटांचे. मुहूर्त साडेतीन, त्यातला अर्धा याच दिवाळीतल्या पाडव्याचा. देवीची पीठे साडेतीन. पेशवाईतले शहाणेही साडेतीनच, आणि त्यात नाना फडणवीस अर्धे! ज्या समाजात शहाणपणसुद्धा अर्ध्याने मोजतात तिथे मुलांना साडेतीनचा पाढा पाठ करायला लावतील यात नवल ते काय.

पण नवल नाही म्हटल्याने कारण कळत नाही. ते मला कळले आमच्या दुकानातल्या जुन्या दिवाणजींमुळे. मी कामाला लागलो तेव्हा ते सत्तरीला आले होते. वजने किलोत, पैसे दशमानात, टेबलावर कॅलक्युलेटर. तरी ते मनातल्या मनात सगळे मण-शेर आणि रुपये-आण्यांत करून मग उत्तर किलोत आणत, आणि आमच्या आधी आणत. एकदा मी त्यांना विचारले, अडीचकी कशाला पाठ करायची? त्यांनी एक वाक्य सांगितले: मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे.

मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिले. मणाचे शेर चाळीस. रुपयाचे आणे सोळा. चाळीस भागिले सोळा, अडीच. गुळाचा भाव मणाला बारा रुपये असेल तर अडीच शेर गूळ बारा आण्यांचा. पाच शेर दीड रुपयाचा, दहा शेर तीन रुपयांचा. भाव मणाला चौदा आणि गिऱ्हाइकाला हवा साडेसात शेर. अडीचचे तीन घास, चौदा त्रिक बेचाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये दोन आणे. गुणाकार नाही, भागाकार नाही, कागद नाही. फक्त साडेसातात अडीच किती वेळा आहे हे चटकन कळले पाहिजे. त्यासाठी अडीचकी.

असे आडाखे आणखीही आहेत. रुपयाला जितके शेर, आण्याला तितके छटाक. कारण शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळा. एखादा जिन्नस रुपयाला साडेतीन शेर असेल तर आण्याला साडेतीन छटाक. पाच आण्यांचा घेतला तर पाच औट साडेसतरा छटाक, म्हणजे एक शेर दीड छटाक. इथे औटकी लागली. तोळ्याला जितके आणे, माशाला तितक्या पै. कारण तोळ्याचे मासे बारा आणि आण्याच्या पैही बारा. सोनाराच्या पेढीवर बसलेला माणूस बोलता बोलता भाव सांगत असे तो या आडाख्यावर.

म्हणजे नाणी आणि वजने एकमेकांत बसतील अशी होती, आणि परवचा हे त्या बसणीचे तोंडी यंत्र होते. लिहिण्यातही तेच. जुन्या मोडी वह्यांत रुपयाच्या पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन. आणि सोळाव्या भागासाठी, म्हणजे आण्यासाठी, आडव्या रेघा. अपूर्णांक लिहायला छेद-अंश लागतच नसत. पाव आणि सोळांश हेच मोजणीचे दोन टप्पे, आणि पाठांतरही त्याच टप्प्यांचे.

ही सोळाची मोजणी किती जुनी? माझी धाव भास्कराचार्यांपर्यंत पोचली. ‘लीलावती’ शके १०७२ मधली, म्हणजे इ. स. ११५०. ग्रंथाच्या आरंभीच कोष्टके येतात, अगदी आपल्या परवच्यासारखी. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. वजने-मापे सांगून झाली की आचार्य म्हणतात, काळ वगैरेंची बाकीची परिभाषा लोकांत प्रसिद्धच आहे, ती तिथून घ्यावी. मला हे फार महत्त्वाचे वाटते. एवढा मोठा गणिती काही कोष्टके घरच्या पाठांतरावर सोडून देतो आहे. ती येतच असणार हे त्याने गृहीत धरले आहे.

आणि त्यातली उदाहरणे! भास्कराचार्य म्हटले की आपल्याला कमळांवरचे भुंगे आणि तुटलेला मोत्यांचा हार आठवतो. मला आवडते ते खिचडीचे उदाहरण. एक वाटसरू वाण्याच्या दुकानात घाईघाईने आला आहे. तांदूळ द्रम्माला साडेतीन मापे, मूग आठ मापे. त्याच्याजवळ काकिणी तेरा. तो म्हणतो, तांदूळ दोन भाग आणि मूग एक भाग असे दे, लवकर दे, जेवून निघायचे आहे, तांडा पुढे निघून जाईल. तांदूळ दुप्पट, मूग निमपट. आपल्या घरातल्या मुगाच्या खिचडीचे हेच प्रमाण. उत्तर काढले तर तांदूळ एका मापाचे सात-बारांश आणि मूग सात-चोविसांश. तांदळाच्या काकिणी दहा आणि दोन-तृतीयांश, मुगाच्या दोन आणि एक-तृतीयांश, बेरीज बरोबर तेरा. आणि तांदळाचा भाव पाहा: साडेतीन. औट इथेही हजर आहे.

दुसऱ्या एका उदाहरणात कुणी कंजूष याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या पाऊणच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा पाव देतो. मुलाने पाटीवर मांडत जावे, मांडत जावे, आणि शेवटी निघावा द्रम्माचा बाराशे ऐंशीवा भाग. म्हणजे एक कवडी. ज्याला कोष्टक पाठ आहे त्यालाच हा विनोद कळतो. ज्याला पाठ नाही त्याला नुसता अपूर्णांक मिळतो.

चाळीसगावजवळ पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची ती नोंद. लेख संस्कृतात, पण शेवटी भाषा एकदम मराठी होते. आणि ती मराठी कशाबद्दल आहे? बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे कोणकोणते उत्पन्न मठाला द्यायचे, त्याबद्दल. घराण्याची आणि ग्रंथांची थोरवी संस्कृतात, मापाचा हिशेब मराठीत. आमच्या आडत दुकानातही वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढून गणपतीचा संस्कृत श्लोक लिहीत आणि दुसऱ्या पानापासून हमाली-तोलाई सुरू होई.

आता कुणाला हा प्रश्न. कंपनी सरकारचे राज्य आल्यावर मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची पाहणी झाली. गव्हर्नरच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवले आहे की आपल्या मुलखात लहानमोठे असे गाव क्वचितच ज्यात शाळा नाही, आणि शेतकरी किंवा किरकोळ दुकानदार असा क्वचितच ज्याला स्वतःचा हिशेब नीट ठेवता येत नाही. इंग्लंडातल्या खालच्या वर्गापेक्षा तो अधिक अचूक ठेवतो. हे टिपण आपल्याकडे फार आवडीने सांगितले जाते. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा छाती फुगली होती.

पण त्यानंतर ५४ वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी काय झाले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे लागते. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. ते काय मागत होते? कर्जरोखे आणि वह्या. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. त्यात सावकाराने पावती द्यावी, कुळाला खात्याचा उतारा द्यावा, अशी कलमे घालावी लागली. ज्या शेतकऱ्याला स्वतःचा हिशेब अचूक येतो त्याच्यासाठी असा कायदा करावा लागत नाही. दरमहा शेकडा दोन, तीन वर्षांचे किती, हा प्रश्न सावकाराच्या घरी मुलाला रोज संध्याकाळी विचारला जात होता. कुळाच्या घरी तो कुणी विचारलाच नव्हता. तिथे संध्याकाळ गुरांच्या धारांत आणि चुलीत जात होती. प्रेंडरगास्टने पाहिला तो शेतकरी बहुधा कुलकर्ण्याच्या ओसरीवर भेटलेला असावा, हा माझा तर्क. घ्या किंवा सोडा.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. खालच्या वर्गांच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यात यादी आहे: मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. बाळबोधाच्या आधी मोडी आणि त्यापाठोपाठ हिशेब, हा क्रम मला बोलका वाटतो. सावकाराची आणि कुलकर्ण्याची वही मोडीत असे. फुल्यांना ती वही वाचता येणारा माणूस हवा होता. परवच्यातले अर्धे ज्ञान ते सरकारी शाळेकडे मागत होते, कारण त्यांच्या लोकांच्या घरांत ते आजोबांकडून येणे शक्य नव्हते.

आणि ज्या घरांत परवचा होता तिथेही तो मुलग्यांचा होता. मुली शुभंकरोतिला हात जोडून बसत, पाढे सुरू झाले की भाकरीच्या मदतीला उठत. धान्य मापून घालणे, पीठ काढणे, दुधाचा रतीब लक्षात ठेवणे हे सगळे बायकांचे काम. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे ही भांडी त्यांच्याच हातातली. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. सारे दुपटीने चढत जाते, ते हाताला कळते. पण प्रश्न विचारायचा तो मुलाला. बायकांच्या वाट्याला कोडी, हुमाणे आणि उखाणे आले. त्यातही नारळ, जाते, विहीर, चूल अशा घरातल्याच वस्तू उलट्या करून विचारलेल्या असत, पण त्यांचा शेवट हसण्यात होई. चुकल्यास धपाटा नाही आणि बरोबर आल्यास वही नाही.

शिकायचे ठरवले तर काय होई, ते रमाबाई रानडे यांनी १९१० च्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. नवरा न्यायाधीश, तो स्वतः शिकवतो आहे, तरी घरातल्या बायकांचा रोष त्यांना सोसावा लागला. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारी यांची ती शाळा रात्री, खोलीच्या आत. सोप्यावर उघड्याने पाढे म्हणणाऱ्या मुलग्यांशी याची तुलना करून पाहावी.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत ती माझ्या आजोबांचा परवचा घेणे ऐकत असे. प्रश्न माझ्या वडिलांना आणि काकांना. काका औटकीत हमखास अडकत, आणि निवडत्या तांदळातून मान वर न करता आजी उत्तर पुटपुटे. आजोबा म्हणत, तुला कुणी विचारलं? हे वडिलांनी मला सांगितले ते गंमत म्हणून. मी ते तसे घेऊ शकलो नाही. ती आजी मी पाहिली आहे. तिला सही येत नव्हती. पण दुधवाल्याचा महिन्याचा हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवी. उभी रेघ पावशेराची. चार झाल्या की त्यावर आडवी काट. मोडी वहीतली पावाची रेघ तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी उभी रेघ म्हणजे पाव, हे तिने आपले आपण काढले होते.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर-मीटर आले. ‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ ला गळले आणि नुसता पैसा उरला. चार आण्यांचे पंचवीस पैसे, आठाचे पन्नास, बाराचे पंच्याहत्तर. तिथवर गाडी सुरळीत. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे, आणि सव्वासहाचे नाणे नाही. दोन आण्यांचे साडेबारा. पाव पैसा, अर्धा पैसा कुणी सोडायचा यावर दुकानादुकानांत कुरकुर झाली, असे आमचे दिवाणजी सांगत. त्यांच्या मते दुकानदाराने कधीच सोडला नाही.

खरा घाव मात्र आडाख्यांवर बसला. मण गेला, चाळीस गेले. आणा गेला, सोळा गेले. म्हणून चाळीस-सोळांतून आलेला अडीचही गेला. क्विंटलला जितके रुपये, किलोला तितके पैसे. एवढा एकच आडाखा पुरला, आणि त्याला पाठांतर लागत नाही. दोन शून्ये सरकवली की झाले. दोनपाच वर्षांत एक संपूर्ण तोंडी विद्या निरुपयोगी झाली. दिवाणजींच्या पिढीला हे आपल्या हातातले हत्यार काढून घेतल्यासारखे वाटले. मलाही त्याची हळहळ आहे, कारण ते हत्यार मी चालताना पाहिले आहे. पण वहीच्या दुसऱ्या बाजूने पाहिले तर? ज्याच्या घरी परवचा होता त्याचे नुकसान झाले. ज्याच्या घरी तो कधीच नव्हता त्याला बाजारात पहिल्यांदा बरोबरीने उभे राहता आले. दशमान पद्धत आली तेव्हा सुप्याच्या कुळांची नातवंडे-पतवंडे धान्य विकायला आडत दुकानात येत होती. पट्टी हातात पडल्यावर ती बोटाने शून्ये मोजत. ते मोजणे मंद होते, पण बरोबर होते.

परवच्यातले पंचांगही हळूहळू भिंतीवर गेले. १९७३ मध्ये जयंत साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले आणि तिथी, नक्षत्र, एकादशी-चतुर्थी हे सगळे स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकले. त्या खिळ्यालाच दुधाचा हिशेबही आला, तारखेच्या चौकटीत एक, दीड असे आकडे. आजीच्या कोळशाच्या रेघा माझ्या आईने कालनिर्णयावर पेनाने केल्या. शेतीवाल्या घरांत नक्षत्रे मात्र अजून तोंडपाठ सापडतात, निदान पावसाची नऊ. मृगापासून हस्तापर्यंत कुठेही थांबवून पुढचे विचारा, म्हातारी माणसे अडखळत नाहीत. पेरणी त्यावर आहे तोवर ते टिकेल.

घरात प्रश्न विचारण्याची हौस मात्र मेली नाही, प्रश्न बदलले. रेडिओवर १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ आली, दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बासूंची ‘क्विझ टाइम’, आणि ३ जुलै २००० पासून ‘कौन बनेगा करोडपती’. त्या रात्री घराघरांत जे झाले ते परवच्याचेच रूप होते: जेवणे लांबली, ताटावर बसून सगळे उत्तर ओरडू लागले, आणि ज्याला आले तो कॉलर ताठ करून फिरू लागला. २०१३ मध्ये त्याची मराठी आवृत्ती निघाली तेव्हा माझी आई रोज रात्री नऊला औषध घ्यायची ती प्रश्न संपल्यावर. तिची उत्तरे पुष्कळ वेळा बरोबर येत. तिला कुणी ‘तुला कुणी विचारलं’ म्हणत नव्हते. पडद्यावरचा माणूस सगळ्यांनाच विचारत होता. हा फरक मी लहान मानत नाही.

मात्र त्या प्रश्नांची उत्तरे आमच्या घराच्या कामाची नव्हती. सर्वांत लांब नदी, सर्वांत जुना किल्ला, अमक्या सिनेमाचा नायक. उत्तर चुकले तरी डब्यातला तांदूळ तेवढाच. औटकी चुकली तर छटाकभर तांदूळ कमी येत असे, आणि विचारणाऱ्या आजोबांना ते माहीत असे. म्हणून धपाटा.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. विषय विधानसभेपर्यंत गेला, चेष्टा झाली, मराठी बुडाली असे लेख आले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी, वर जोडाक्षरे, यात कित्येक मुले गोंधळतात आणि गणितालाच भितात; दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, तशी एक पायरी मुलांना द्यावी. जुने शब्द काढून टाका असे त्यांनी म्हटले नव्हते. त्या दिवसांत माझ्या ओळखीचे जे लोक सर्वांत जास्त चिडले होते त्यांच्या घरी परवचा झालेला होता. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत त्यांचा कधी गोंधळ झाला नव्हता, कारण तो होण्याच्या वयात कुणीतरी रोज संध्याकाळी समोर बसून विचारत होते. ज्या मुलाचे आईवडील संध्याकाळी सातला ऊसतोडीच्या फडात असतात त्याला कोण विचारणार, हा नारळीकरांचा प्रश्न होता असे मी समजतो. ‘अडीच’, ‘एकोणपन्नास’ हे शब्द मला जिवाभावाचे आहेत, त्यांच्या व्युत्पत्तीत मी रात्री घालवल्या आहेत. तरीही त्या वादात मी नारळीकरांच्या बाजूचा होतो आणि आहे.

शब्द कुठे जगतात ते बाजारात दिसते. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, तरी सोळा आणे खरे असेच आपण म्हणतो. भाजीवाली पावकिलो, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे अपूर्णांक दिवसभर वापरते, तिच्या काट्यावर ते दशांशात दिसत असले तरी. सोनाराचा तोळा पूर्वी पावणेबारा ग्रॅमच्या आसपास होता, आता सरळ दहाचा धरतात. नाव जुने, वजन नवे. साडेतीनला मात्र भाजीबाजारात कुणी औट म्हणत नाही. ‘साडेतीन’ म्हणतात, सार्धाचे साडे लावून, चार-पाचांसारखेच.

अंकलिपी अजून मिळते. एस. टी. स्टँडबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावर, पोथ्या आणि स्पर्धापरीक्षांच्या गाइडांच्या मधोमध. गेल्या वर्षी मी चार वेगवेगळ्या घेतल्या. चारहींत तीसपर्यंत पाढे आहेत, वार-महिने-राशी आहेत. दोहोंत पावकी, निमकी आहे. एकीत दिडकी आहे. औटकी कशातच नाही.